विश्लेषण : गेममधील नायिकेचे चिलखत अर्धेच का?

तारापूर एमआयडीसीत पहिली शिफ्ट सुटते, तेव्हा बोईसरच्या कित्येक घरांत शाळेतून आलेली मुले मोबाइलवर गेम खेळत असतात. विरार-डहाणू लोकलमध्येही हेच चित्र. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला फोन मुलांच्याच हातात राहिला. पालकांचे प्रश्न दोनच : किती वेळ खेळतोस आणि पैसे तर नाही ना घालवलेस? पडद्यावर काय दिसते, हे विचारायचे राहूनच जाते.

आक्षेप नेमका कशाला?

लढाईच्या गेममधला पुरुष सैनिक डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो. त्याच्याच शेजारी, तीच बंदूक घेतलेल्या बाईचे पोट मात्र उघडे आणि कपडे घट्ट. आक्षेप उघड्या अंगाला नाही. पोहणारी व्यक्ती पोहण्याच्या पोशाखात दिसणारच. पण पोशाखाचा कामाशी संबंध नसेल, तर तो त्या पात्रासाठी नसून बघणाऱ्यासाठी असतो. त्यात धंदाही आहे. फुकट मिळणाऱ्या गेमची कमाई पात्रांचे नवनवे पोशाख विकूनही होते.

हे कधीपासून?

निन्टेंडोच्या १९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी स्त्री निघतो. गेम जितक्या लवकर संपवाल, तितके तिचे कपडे कमी. म्हणजे तिचे शरीर हेच खेळाडूचे बक्षीस. १९९६ मध्ये ‘टूम रेडर’ची लारा क्रॉफ्ट आली. ती हुशार आणि धाडसी होती, पण जाहिरातींत चर्चा तिच्या बांध्याची झाली. २०१३ मध्ये तिला नव्याने घडवले गेले, तेव्हा ती चिखलाने माखलेली, जखमी, पण खरी वाटणारी तरुणी झाली. १९८३ ते २०१४ या काळातील ५७१ गेम तपासणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे चित्रण नव्वदच्या दशकात शिगेला पोहोचले आणि पुढे कमी होत गेले. मात्र स्त्री-पात्रांच्या वाट्याला दुय्यम भूमिकाच अधिक आल्या.

मुलांवर परिणाम होतो का?

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०१३ सालच्या प्रयोगात, तोकड्या कपड्यांतले आभासी पात्र वापरणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या शरीराचाच अधिक विचार करू लागल्याचे दिसले. उलट, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२२ च्या संशोधनाला ठोस अपाय आढळला नाही. त्यामुळे ‘गेममुळे पोरे बिघडतात’ हे विधान टिकत नाही. पण प्रश्न तेवढ्याने संपत नाही. घरातला एकच फोन भावाकडून उशिरा हाती आलेल्या मुलीने गेम उघडला, तर तिला तिथे आपल्यासारखे कोण दिसते? अनेक मुली मुलाच्या नावाने खेळतात, बोलावे लागू नये म्हणून माइक बंद ठेवतात. हा खेळ आपल्यासाठी नाही, असे तिला वाटले तर तेही नुकसानच.

कायदा काय म्हणतो?

स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा १९८६ चा आहे. तो जाहिराती, पुस्तके, चित्रे यांच्याभोवती रचलेला. इलेक्ट्रॉनिक माध्यमे त्यात आणण्यासाठी २०१२ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण पुढे ते मागे घेतले गेले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. प्ले स्टोअरवर दिसणारे वयाचे मानांकन गेम बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरते.

मग बंदी घालावी का?

नाही. २०२० मध्ये वेगळ्या कारणासाठी ‘पब्जी’वर बंदी आली. मुले दुसऱ्या गेमकडे वळली आणि वर्षभरात तोच खेळ नव्या नावाने परतला. त्यापेक्षा चांगला पर्याय समोर ठेवणे उपयोगाचे. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. त्यात भावाला शोधायला निघालेली मुलगी राक्षसांशी लढते. तिची ओळख तिच्या चपळाईची आहे. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले.

पालघर जिल्ह्याला तर यासाठी लांब पाहायचीही गरज नाही. वारली चित्रात बाई आणि पुरुष दोघांचेही शरीर त्याच दोन त्रिकोणांचे. बाई ओळखू येते ती अंबाड्यावरून आणि ती करत असलेल्या कामावरून. असा गेम इथल्या मुलामुलींनी का बनवू नये?

तोवर पालकांनी एक करावे. आज फोन हिसकावून न घेता दहा मिनिटे शेजारी बसावे आणि सहज विचारावे, ‘‘ही लढायला निघालीय ना? मग हिचे चिलखत अर्धेच का?’’ उत्तर मुलांना शोधू द्यावे. एकदा हा प्रश्न पडला की पुढचा गेम ती डोळे उघडे ठेवून खेळतील.