नेपथ्याने नट गिळला का?

जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या १९४९ सालच्या कादंबरीची रॉबर्ट आइक आणि डंकन मॅकमिलन यांनी केलेली रंगावृत्ती २०१३ साली नॉटिंगहॅम प्लेहाउसमध्ये प्रथम सादर झाली. तिथून ती लंडनच्या आल्मेडा थिएटरात, मग वेस्ट एंडला आणि २०१७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरात पोचली. मध्यंतर नाही, लांबी १०१ मिनिटे, म्हणजे कादंबरीतल्या त्या कुप्रसिद्ध खोलीच्या क्रमांकाइतकी. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत प्रेक्षकांना भोवळ आल्याच्या, उलट्या झाल्याच्या बातम्या छापून आल्या, तेरा वर्षांखालील मुलांना प्रवेश बंद झाला आणि नाटकाची चर्चा त्या बातम्यांभोवतीच घुटमळत राहिली.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रकाश, ध्वनी आणि व्हिडिओ यांचा मारा इतका आहे की नटाला करायला काही उरतच नाही. छळाचा प्रवेश हा निव्वळ धक्क्याचा धंदा आहे. कादंबरी विचारांची होती. रंगमंचावर येताना विचार गळाला आणि गोंगाट उरला.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. टॉम गिबन्स यांचे ध्वनिसंयोजन कानठळ्या बसवणारे आहे आणि नताशा चिव्हर्स यांच्या प्रकाशयोजनेतले झगझगाट डोळ्यांना सहन होत नाहीत. प्रेक्षकाचे शरीर आधी दचकते, विचार मागून येतो. पण एवढ्यावरून नेपथ्याने अभिनय गिळला असा निष्कर्ष काढायचा, तर अभिनय आणि नेपथ्य ही तराजूची दोन पारडी आहेत, एक जड झाले की दुसरे हलके होणारच, असे आधी मानावे लागते. हे गृहीतच तपासून पाहण्यासारखे आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार मानले आणि वेश, रंगभूषा, रंगवस्तू यांना आहार्य म्हणून अभिनयातच जागा दिली. लंडनच्या निर्मितीला ही शास्त्राज्ञा लागू नाही, हे उघड आहे. पण नाटक पाहण्याची ही दृष्टी आक्षेपकांच्या तराजूपेक्षा जास्त उपयोगाची ठरते, आणि तिचा पडताळा प्रयोगातच घेता येतो.

कादंबरी सांगितली आहे तृतीयपुरुषात, पण ती नायक विन्स्टन स्मिथच्या डोक्याबाहेर क्वचितच पडते. चित्रपट अशा वेळी पार्श्वनिवेदनाचा आधार घेतो. आइक आणि मॅकमिलन यांनी दुसरीच वाट धरली. कादंबरीच्या शेवटी 'न्यूस्पीक' भाषेवर एक परिशिष्ट आहे आणि ते भूतकाळात लिहिलेले आहे. म्हणजे कथेतल्या हुकूमशाही पक्षाची सत्ता गेल्यानंतर कुणीतरी ते लिहीत असावे, असा अर्थ निघतो. बरेच वाचक हे परिशिष्ट न वाचताच पुस्तक मिटतात. रूपांतरकारांनी मात्र नाटकाची चौकटच त्यातून उभारली. भविष्यातला एक वाचकगट हे पुस्तक समोर ठेवून चर्चा करतो आहे आणि विन्स्टन त्यांच्यातच, रोजनिशी उघडून, गोंधळलेल्या चेहऱ्याने बसला आहे. वाचकगटातले नटच पुढे कादंबरीतल्या ओशेनिया राज्यातले लोक होतात.

इथे क्लोई लॅमफर्ड यांचे नेपथ्य कथेच्या कामाला लागते. लाकडी फळ्यांनी मढवलेली एकच खोली, मागे खिडक्यांची रांग, त्यापलीकडे एक बोळ. ती ग्रंथालयाची असेल, शाळेची असेल किंवा जुन्या सरकारी कचेरीची. काळ कोणता, याचाही ठाव लागत नाही. कादंबरीतल्या विन्स्टनलाही चालू साल १९८४ च आहे की नाही याची खात्री नसते, हे इथे आठवावे. प्रवेश बदलतो तेव्हा खोली बदलत नाही. झगझगाट होतो, आवाजाचा हिसका बसतो, आणि त्याच जागी उभा असलेला नट दुसरीकडे येऊन पडलेला असतो. ते 'दुसरीकडे' दाखवणारा पडदा नाही, पाटी नाही. स्थळाचा बदल नटाने डोळ्यांनी आणि खांद्यांनी दाखवायचा आहे. तंत्राने नटाचे काम कमी केले म्हणणाऱ्यांनी हे काम कुणाच्या खात्यावर मांडायचे ते ठरवावे.

विन्स्टनच्या भूमिकेला आलेख नाही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत भांबावलेलाच दिसतो, असाही आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याला उपाहारगृहाच्या प्रवेशात उत्तर सापडते. हा प्रवेश नाटकात पुन्हा पुन्हा येतो: तेच टेबल, तेच जेवण, सहकारी पार्सन्सचे स्वतःच्या मुलीविषयीचे तेच कौतुक. पुढे साइम हा दुसरा सहकारी नाहीसा होतो, तरी बाकीच्यांचे बोलणे त्याच तालात चालू राहते. इतर नटांनी तोच विराम, तेच हसू घड्याळासारखे जसेच्या तसे द्यायचे. बदलायचे ते फक्त विन्स्टनने. पहिल्या खेपेला ओशाळणारा माणूस नंतर घाबरतो, आणि पुढे स्वतःच्या स्मरणशक्तीवरच शंका घेऊ लागतो. आलेख असतो तो इथे, पण तो पुनरावृत्तीवर ठेवून पाहिला तरच दिसतो. ब्रॉडवेवरच्या टॉम स्टरिजची ताणलेली, कोवळी देहबोली सुट्या प्रवेशात पाहिली तर एकसुरी वाटेल. प्रवेश तिसऱ्यांदा आला की तिचा हिशेब लागतो.

व्हिडिओविषयीचा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: नाटकाला गेलो आणि सिनेमा पाहून आलो. चॅरिंग्टनच्या दुकानाच्या मागच्या खोलीत विन्स्टन आणि त्याची प्रेयसी जूलिया भेटतात, ती खोली रंगमंचावर दिसत नाही. ती टिम रीड यांच्या व्हिडिओतून वरच्या पडद्यावर दिसते. नट कॅमेऱ्यापुढे अगदी हलक्या आवाजात बोलतात. हा एकांत प्रेक्षक चोरून पाहतो आहे, आणि तो पाहायला मिळतो याचाच अर्थ तिथे कुणाचा तरी डोळा बसवलेला आहे. कादंबरीत तसबिरीमागे लपवलेल्या टेलिस्क्रीनचा, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या पडद्याचा, उलगडा शेवटी होतो. इथे प्रेक्षक पहिल्या क्षणापासून टेलिस्क्रीनच्याच जागी बसलेला असतो, फक्त त्याला ते उशिरा कळते. दोघांना अटक होते आणि खोलीच मोडली जाते. भिंती जातात, आणि जो एकांत वाटत होता तो पोकळ नेपथ्याचा तुकडा म्हणून उघडा पडतो.

यानंतर उरतो पांढरा रिकामा अवकाश, एक खुर्ची आणि संरक्षक पोशाखातले सेवक. नेपथ्याच्या अतिरेकाची तक्रार सर्वांत मोठ्याने ज्या छळाच्या प्रवेशाबद्दल होते, त्यातच नेपथ्य सर्वांत कमी आहे. तिथल्या क्रौर्याबद्दलही नीट पाहून बोलायला हवे. नाट्यशास्त्राने युद्ध, मरण यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत असे सांगितले. हा प्रवेश ती मर्यादा बऱ्याच अंशी पाळतो. छळ करवणारा पक्षाचा अधिकारी ओब्रायन आज्ञा देतो, अंधार होतो, आवाज फुटतो, उजेड येतो तेव्हा रक्त दिसते. प्रत्यक्ष कृती झाकलेलीच राहते. अंधारातली जागा प्रेक्षक स्वतः भरतो. रीड बर्नी यांचा ओब्रायन आवाज चढवत नाही. ऑर्वेलने त्याच्यात वैद्य, शिक्षक आणि धर्मोपदेशक यांचा जो भास ठेवला होता, तो या मवाळपणात उतरला आहे. विचार गळाला म्हणणाऱ्यांनी दोन स्फोटांमधल्या त्या शांत बोलण्याकडे कान द्यायला हवा होता. सत्तेविषयीचा सगळा युक्तिवाद तिथेच आहे. शिवाय हा आरडाओरडा नवा नाही. १९५४ च्या डिसेंबरात बीबीसीने पीटर कुशिंगला घेऊन हीच कथा दूरचित्रवाणीवर थेट सादर केली, तेव्हाही क्रौर्याच्या नावाने तक्रारी झाल्या आणि गोष्ट ब्रिटिश संसदेतल्या ठरावांपर्यंत गेली. चारच दिवसांनी प्रयोग पुन्हा थेट झाला.

मात्र या प्रवेशातली एक गोष्ट मंडनाच्या कक्षेत बसत नाही. छळ चालू असताना प्रेक्षागृहातले दिवे लावले जातात आणि विन्स्टन समोरच्या लोकांकडे मदतीच्या नजरेने पाहतो. तिकीट काढून बसलेल्या माणसाला नाटक थांबवता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असते आणि दिग्दर्शकांनाही. त्याच्या गप्प बसण्याला संगनमत ठरवणे हा फुकटचा आरोप आहे. ऑर्वेलने वाचकाला असे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही.

खरी उणीव जूलियाच्या भूमिकेत आहे, आणि आक्षेपकांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. कादंबरीतली जूलिया यंत्रे दुरुस्त करणारी, व्यवहारी, पक्षाच्या तत्त्वज्ञानाने कंटाळणारी बाई आहे. विन्स्टन एक निषिद्ध ग्रंथ वाचून दाखवतो तेव्हा ती झोपी जाते. तिचे बंड वेगळ्या जातीचे आहे आणि कादंबरीत ते विन्स्टनच्या बंडाला सतत टोचत राहते. रंगावृत्ती विन्स्टनच्या डगमगत्या मनाच्या आत घडते. त्यामुळे जूलिया त्याला दिसेल तेवढीच उरते. कॅमेरा तिचा चेहरा मोठा करून दाखवतो, पण त्या चेहऱ्यामागे स्वतंत्र मत असावे असे संवाद संहितेने तिला फारसे दिलेले नाहीत. ऑलिव्हिया वाइल्ड यांनी जोम आणि तडफ आणली, तरी ती भूमिका विन्स्टनच्या आठवणीची छाया राहते. हा दोष नेपथ्याच्या माथी मारता येत नाही, नटीच्याही नाही. विन्स्टनचे डोके हेच रंगस्थळ करायचे ठरले तेव्हाच तो ठरून गेला होता.