नवा कंप्रेसर, जुना दोष

अक्षय्य तृतीया जवळ आली की रहिमतपूरसारख्या गावातील व्यापारी घरांत प्रवासाची लगबग सुरू होते. कोणाच्या घरी वर्षीतपाचे पारणे असते, कोणास कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनास जायचे असते. कोरेगाव तालुक्यातील ऊन तेव्हा ऐन भरात असते, आणि गाडीतील एसी नेमका त्याच दिवसांत गरम हवा फेकू लागतो. तरुणांची यात केवळ गैरसोय होते; परंतु उपवासाच्या दिवशी निघालेल्या, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत बंद गाडीतील उष्मा हा प्रकृतीचा प्रश्न ठरतो. त्यामुळे गॅरेजमधून ‘कंप्रेसर गेला’ असा निरोप येताच, दुकानात पै-पैचा हिशेब पाहणारा गृहस्थ कोणताही प्रश्न न विचारता होकार देऊन मोकळा होतो. दोन-चार महिन्यांनी नवा कंप्रेसरही बंद पडला, म्हणजे मालाला दोष दिला जातो. दोष पुष्कळदा मालात नसतो, तो बदलण्याच्या रीतीत असतो.

रहिमतपुरात रणदुल्लाखानाच्या मशिदीच्या परिसरात एक जुना जलमनोरा आहे. विहिरीचे पाणी त्याच्या माथ्यावर चढवायचे आणि त्या उंचीने मिळालेल्या दाबावर कारंजे चालवायचे, अशी ती योजना होती. गाडीच्या एसीत हे दाब देण्याचे काम कंप्रेसर करतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कंप्रेसर गॅस दाबतो. दाबलेला तापलेला गॅस रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटून डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होतो आणि आतील हवेची उष्णता शोषून घेतो.

या फेऱ्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. व्यापारातील भांडवलाप्रमाणे तो फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे अल्पसा झिरपला तर नवल नाही, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे. दुसरी, कंप्रेसरचे वंगण त्याच गॅससोबत फिरते. गॅस कमी पडला की तेलही कंप्रेसरपर्यंत पुरेसे परतत नाही, आतील भाग कोरडे घासतात आणि शेवटी तो जाम होतो. गळती न शोधता दरसाल गॅस भरणे म्हणजे स्वस्तात महाग खर्च ओढवून घेणे होय.

एसी थंड करीत नाही एवढ्यावरून कंप्रेसर गेला असे ठरत नाही. गॅस कमी असल्यास दाबाचा स्विच कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही. रिले किंवा फ्यूज जळालेला असतो, कंडेन्सरचा पंखा बंद असतो, केबिन फिल्टर धुळीने बुजलेला असतो. कित्येक गाड्यांत कंप्रेसर ठीक असून त्याचा चुंबकीय क्लच तेवढा निकामी झालेला असतो आणि तो वेगळा बदलता येतो. म्हणून दोन्ही बाजूंचे दाब गेजवर पाहिले का, क्लचला वीज पोहोचते का, हे आधी विचारावे. खडखडाट, पुलीचे अडकणे, शाफ्टच्या सीलमधून तेल गळणे ही मात्र कंप्रेसरचीच लक्षणे होत.

कंप्रेसर आतून फुटला असेल तर धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो. तो न काढता नवा बसविला, तर तोच चुरा त्याचाही घात करतो. म्हणून नळ्या फ्लश कराव्यात, ओलावा शोषणारा ड्रायर व ओ-रिंगा नव्या घालाव्यात, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तपासावा. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की त्यांतील चुरा धुऊन पुरता निघत नाही. अशा वेळी कंडेन्सर बदलणेच हिताचे. तेल गाडीला नेमून दिलेल्या प्रतीचे व मोजून घालावे. हे तेल हवेतील ओलावा झपाट्याने ओढते, त्यामुळे डबा किंवा नळ्यांची तोंडे उघडी राहू नयेत. शेवटी निदान अर्धा तास व्हॅक्यूम करून, तो टिकतो का हे पाहून, बॉनेटखालील लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. अंदाजाने भरलेला जादा गॅस कमी गॅसइतकाच घातक असतो.

जुना गॅस हवेत सोडून देणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. आर-१२ हा पूर्वीचा गॅस ओझोनचा थर विरवीत असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. परंतु त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात कोंडतो. अशा गॅसांचा वापर घटविण्याची २०१६ ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली. गॅस यंत्राने ओढून साठवणारे गॅरेज निवडणे हे अनावश्यक हानी टाळण्याचेच एक रूप आहे. स्वस्त म्हणून विकला जाणारा ज्वलनशील मिश्र गॅस तर आर-१३४ए साठी बनविलेल्या गाडीत कधीही भरून घेऊ नये.

काम सोपविण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात कंप्रेसर नवा की पुनर्निर्मित, ड्रायर, तेलाची प्रत, फ्लशिंग आणि गॅसचे वजन यांच्या वेगळ्या ओळी असाव्यात. काढलेला भाग परत मागावा आणि पक्के बिल जपून ठेवावे. अनेक कंपन्या ड्रायर बदलल्याचा व फ्लशिंगचा पुरावा नसल्यास वॉरंटी नाकारतात. ही तपासणी फाल्गुनातच उरकली, तर पारण्याच्या आदल्या दिवशी गॅरेजच्या दारात ताटकळावे लागत नाही आणि तपस्व्याला घेऊन गाडी निश्चिंतपणे निघते.