लांबलेला पूर्वराग आणि समीक्षेची घाई

लोकप्रिय कलाकृती समोर आली की मराठी समीक्षा ती पाहण्याआधीच तिच्यावर ‘रंजनपर’ अशी चिठ्ठी डकवते आणि तिच्या आस्वादकाला अभिरुचीच्या उतरंडीत तळाशी बसवते. दूरचित्रवाणीवरील गुन्हेतपासाच्या मालिकेत दोन सहकाऱ्यांमध्ये संथपणे उमलणाऱ्या प्रणयाचा आस्वाद हा तर त्या तळाचाही तळ. अशा आस्वादात वाचनाची एखादी शिस्त असू शकते, ही शंकादेखील आपल्या विद्यापीठीय समीक्षेला शिवलेली दिसत नाही.

बी. पी. सिंग यांची ‘सी.आय.डी.’ ही हिंदी मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती थांबली तेव्हा तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा अवतरली. भाषा हिंदी असली तरी तिचा भूगोल मुंबईचा, प्रद्युम्नच्या भूमिकेत शिवाजी साटम, प्रयोगशाळेतील डॉक्टरांचे आडनाव साळुंखे, आणि तिच्या पूर्वपीठिकेत दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका. ती मराठी अभिरुचीच्या बाहेरची म्हणून सोडून देता येत नाही.

या मालिकेत सीनियर इन्स्पेक्टर अभिजीत (आदित्य श्रीवास्तव) आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील डॉ. तारिका (श्रद्धा मुसळे) यांच्यात जे घडते ते फार थोडे आहे. तो अहवाल घ्यायला येतो, तिच्याशी दोन वाक्ये जास्त बोलतो, साळुंखे खेकसतात, तपास पुढे जातो. दहा वर्षांच्या आसपास हे चालले आणि २०१८ पर्यंत ते लग्नापर्यंत पोहोचले नाही. तपासमालिकेचा प्रत्येक प्रकरणसमूह स्वयंपूर्ण असतो. गुन्हेगार सापडला की पाटी कोरी होते. चाहता मात्र ती कोरी होऊ देत नाही. मागच्या वर्षीचा एक कटाक्ष, कुण्या भागातले अर्धे राहिलेले वाक्य, प्रयोगशाळेच्या दारात घेतलेला क्षणभराचा विराम यांना तो जोडतो आणि संहितेने उरलेसुरले म्हणून टाकलेल्या तपशिलांतून दुसरी संहिता सिद्ध करतो. वाच्यार्थ खुनाचा, व्यंग्यार्थ प्रीतीचा. एम.ए.च्या वर्गात आनंदवर्धन शिकवताना विद्यार्थ्यांकडून जी ग्रहणशक्ती अपेक्षिली जाते, तीच येथे कोणी न शिकवता कामाला लागलेली असते.

हे साम्य वरवरचे नाही. प्रणयाची ही स्थळे बहुधा शवाच्या सान्निध्यात घडतात. शृंगार आणि बीभत्स हे परंपरेने परस्परविरोधी रस. विरोधी रसांची सलगता तोडण्यासाठी मध्ये तिसरा रस योजावा, हा ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतातला एक उपाय, ‘नागानंदा’त शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, हे त्याचे उदाहरण सुपरिचित आहे. या मालिकेत ती जागा साळुंख्यांच्या चिडचिडीची, म्हणजे हास्याची आहे. अभिजीतने तारिकाकडे पाहावे आणि साळुंख्यांनी त्याला कामाची आठवण करून द्यावी, हा प्रसंग चाहत्यांना शेकडो वेळा पाहूनही शिळा वाटत नाही. हास्याचा हा पडदा नसता तर तो प्रणय असह्य झाला असता, हे त्यांना कळते. फक्त त्याचे पारिभाषिक नाव त्यांच्याजवळ नसते. नाव ज्यांच्याजवळ आहे ते मालिका पाहत नाहीत.

यावर ठेवणीतला आक्षेप असा, की हा विलंब कलात्मक नसून धंदेवाईक आहे. लग्न लावले तर उत्सुकता संपेल, म्हणून लांबवायचे. हे खरेच आहे, आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० नंतर ज्या साप्ताहिकातून क्रमशः वाचकांच्या हाती पडली त्याचे नाव ‘करमणूक’ होते. पुढच्या अंकासाठी थांबवून धरणे ही त्या कादंबरीचीही व्यावहारिक गरज होती. प्रकाशनाच्या अर्थकारणातून आलेला विलंब आशयाचा घटक होऊ शकतो, हे हरिभाऊंच्या बाबतीत मान्य करायचे आणि दूरचित्रवाणीच्या बाबतीत नाकारायचे, याला समीक्षा म्हणत नाहीत.

हरिभाऊंचा उल्लेख आणखी एका कारणाने अटळ आहे. यमू आणि रघुनाथ यांची प्रीती मराठीतल्या संथ प्रणयाचा एक मूळ नमुना आहे. पण तिथे लग्न आधी होते आणि ओळख मागून, मुंबईच्या बिऱ्हाडात, वाचता वाचता. बालविवाहाच्या समाजात प्रणयाला दुसरी जागाच नव्हती. साहित्यशास्त्राने विप्रलंभाचा पहिला प्रकार मानलेला पूर्वराग, म्हणजे मीलनापूर्वी दर्शनाने वा श्रवणाने जागणारी ओढ, वास्तववादी मराठी कादंबरीला सहजासहजी उपलब्धच नव्हता.

बीड जिल्ह्यात तो आजही किती जणींना उपलब्ध आहे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. दिवाळीच्या आगेमागे येथील माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एकट्याची गणना अर्ध्या कोयत्याची. उचल जोडीवर मिळते, म्हणून जोडी लावण्याची घाई. दोघेही एकाच फडात राबतात, परंतु त्या सहश्रमातून निवड जन्मत नाही. निवड आधीच दुसऱ्या कोणी केलेली असते.

या पार्श्वभूमीवर अभिजीत आणि तारिका यांच्या न होणाऱ्या लग्नाकडे पाहावे. दोघे बरोबरीने काम करतात, तिचे ज्ञान त्याच्या तपासाला अपरिहार्य आहे, तो तिच्या दालनात येतो तेव्हा प्रश्न विचारायला येतो, आणि वर्षानुवर्षे कोणीही त्यांना घाई करत नाही. केज, धारूर किंवा वडवणीतली एखादी मुलगी या संथपणावर जीव लावत असेल, तर त्याला ‘पलायन’ म्हणणारा समीक्षक नेमके कशापासूनचे पलायन म्हणतो, हे त्याने एकदा स्पष्ट करावे. जिथे ओळखीआधी लग्न येते तिथे केवळ ओळखीवर वर्षे खर्च करणारी कथा ही त्या व्यवहारावरची टीकाच असते. मालिकेच्या लेखकांना ती अभिप्रेत होती काय, हा प्रश्न गौण आहे.

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील एका शहरातल्या प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांचे म्हणणे नोंदवले आणि वाचनाची कृती त्या स्वतःसाठी मिळवलेला वेळ म्हणून पाहतात, हे दाखवले. ‘द एक्स-फाइल्स’ (१९९३-२००२) या तपासमालिकेतील मल्डर आणि स्कली यांच्यावरील प्रेमातून चाहत्यांची एक संज्ञाच तयार झाली आणि तिकडच्या अभ्यासकांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले. आपल्या शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत रॅडवे यांचे नाव दिसते. अभिजीत-तारिकांचे ‘अभिरिका’ हे जोडनाव करून रोमन लिपीतल्या हिंदीत असंख्य कथा लिहिणाऱ्या चाहत्यांचे दिसत नाही. (या कथा मराठीत का लिहिल्या गेल्या नाहीत, हा मराठीच्या प्राध्यापकांनी मनाला लावून घ्यावा असा प्रश्न आहे; त्याचे उत्तर चाहत्यांकडे मागण्यात अर्थ नाही.)

चाहत्याचा आस्वाद निर्दोष आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याचा दोष मात्र भलताच आहे आणि अभिरुचीचे रखवालदार तो कधी दाखवत नाहीत. ज्या मालिकेत तारिकासमोर अभिजीत मृदू होतो, त्याच मालिकेत दयाची थप्पड संशयिताकडून कबुली काढते, आणि दार तोडणे हा विनोदाचा व कौतुकाचा विषय होतो. प्रयोगशाळेतील संयम आणि चौकशीच्या खोलीतील हात एकाच तपासयंत्रणेचे आहेत. प्रीतीचे तपशील वर्षानुवर्षे जपणारी स्मृती त्या थपडांचा हिशेब ठेवत नाही. आणि टेबलावरचे शव कोणाचे होते हेही विसरते. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्याच महिन्यात तपास राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. योगायोगाने मालिका परतली तीही त्याच महिन्यात. जिल्ह्यात त्या वेळी ‘सीआयडी’ हा शब्द दोन अर्थांनी उच्चारला जात होता, आणि त्यांपैकी एका अर्थात शव अनामिक नव्हते.

हे चाहत्याला विचारायला हवे, आणि ज्याने तारिकाचे विराम मोजले आहेत तो ते ऐकून घेईल. पण विचारणाऱ्याने आधी ती मालिका पाहिलेली असावी लागते.