फोनवर आधी ‘आजारी आहे’ म्हणा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोन वाजता आमच्या चाळीत आरडाओरडा झाला. पंचविशीचा एक मुलगा, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. ‘मला मारायला येताहेत’ म्हणत गॅलरीच्या कठड्यावर चढला होता. आम्ही ११२ ला फोन लावला आणि घाबरून एवढेच बोललो, “एकजण वेडा झालाय, धिंगाणा घालतोय, लवकर या!”

पोलीस लवकर आले. पण आम्ही सांगितले तसेच आले, दंगेखोराला धरायला. टॉवेलने हात बांधून साऱ्या चाळीच्या देखत त्याला गाडीत घातले. रात्रभर तो चौकीच्या बाकावर, आई बाहेर पायरीवर. दवाखाना दिसला दुसऱ्या दिवशी दुपारी.

चूक पोलिसांची होती, तशी आमचीही होती. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की, अशा माणसाला पोलिसांनी कोठडीत ठेवायचे नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. त्याला साखळीने बांधायलाही बंदी आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीत होते?

म्हणून भगिनींनो, बंधूंनो, तीन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. १४४१६ हा ‘टेली मानस’चा नंबर. सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येते. झोप उडाली, माणूस एकटाच पुटपुटू लागला, ‘जगून काय करू’ म्हणू लागला की तेव्हाच हा फोन करा. देवऋषी, अंगारा यात दिवस घालवू नका. जीवावर बेतले तर रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि आवरेनासे झाले तर ११२.

फोनवर आधी सांगा: “माणूस मनाने आजारी आहे, त्याला दवाखान्यात न्यायचे आहे.” मग पत्ता, जवळची खूण, चालू गोळ्या. हातात हत्यार असेल वा नसेल, खरे तेच सांगा. गाडी येईपर्यंत एकानेच शांतपणे बोलावे. गर्दी हटवा, दोरी, सुरी, फिनेल, उंदराचे औषध दूर करा. त्याला एकटे सोडू नका.

पण सगळा भार घरच्यांवर टाकून कसे चालेल? ११२ वर फोन घेणाऱ्याने ‘माणूस आजारी आहे का?’ हे पहिल्यांदा विचारावे. तिथूनच १४४१६ ला फोन जोडून द्यावा. पोलिसांबरोबर मनाच्या आजाराची जाण असलेली नर्स किंवा समाजसेवक दारात यावा. वस्तीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे आपण हे मागितले पाहिजे.

तो मुलगा आता गोळ्या घेतो, कामाला जातो. पण चाळीत शिरताना अजून मान खाली घालतो. त्या रात्री आम्ही एक शब्द वेगळा वापरला असता तर कदाचित ती मान ताठ असती.