नोकरी बदला, पण साइट ताब्यात देऊन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
बीड नगरपरिषद, बीड

महोदय,

बांधकाम अर्ध्यावर असताना परवानाधारक इंजिनिअरने नोकरी बदलली, तर पुढची जबाबदारी कोणाची? वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे, परिषद आहे. सिव्हिल इंजिनिअरसाठी देशभर लागू असा कायदा नाही. त्यांना परवाना देते ती स्थानिक संस्था, म्हणून हे पत्र आपल्याला.

नोकरी बदलण्यात काही गैर नाही. पुण्याला, संभाजीनगरला चांगली संधी आली तर तरुणांनी जरूर जावे. मात्र साइट रीतसर ताब्यात देऊन जावे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. एखाद्या कोपऱ्यात नकाशात दाखवलेल्या खोलीला मुरूम लागत नाही, मग तेवढे फूटिंग आणखी खाली घेतात. कुठले आणि किती, हे नोंदवले नसेल तर खड्डा बुजल्यावर त्या इंजिनिअरलाच ठाऊक असते. स्लॅबच्या वेळी भरलेले काँक्रीटचे ठोकळे 28 दिवसांनी दाबून तपासतात. तोवर इंजिनिअर निघून गेला आणि ताकद कमी भरली, तर त्या अहवालावर निर्णय कोण घेणार? वरच्या मजल्याचे सेंट्रिंग तर तोवर सुरू झालेले असते.

2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेने वाट दाखवली आहे. इंजिनिअर बदलला की प्राधिकरणाला लेखी कळवायचे, नवा इंजिनिअर पूर्ण जबाबदारी घेईपर्यंत काम थांबवायचे आणि आधी झालेले काम मंजुरीप्रमाणे आहे का, हे त्याने जबाबदारी घेण्यापूर्वी तपासायचे.

त्यासाठी आपण एक हस्तांतर नमुना सुरू करावा, ही विनंती. त्यात पायाची प्रत्यक्ष खोली, काँक्रीट टाकण्यापूर्वीचे सळयांचे फोटो, यायचे राहिलेले चाचणी अहवाल आणि नकाशापेक्षा वेगळे केलेले प्रत्येक काम यांची नोंद असावी. नमुन्याच्या शेवटी जाणारा इंजिनिअर, येणारा इंजिनिअर आणि मालक, तिघांच्या सह्या असाव्यात. नमुना दाखल झाल्याशिवाय पुढचा स्लॅब पडू नये.

यात जाणाऱ्याचेही रक्षण आहे. त्याने पाहिलेच नाही अशा कामाचे खापर उद्या त्याच्या माथी फुटणार नाही. आणि आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधणाऱ्याला ते कोणाच्या जबाबदारीवर उभे आहे, हे कळण्याचा हक्क आहे. तो त्याला आपण मिळवून द्यावा.

कळावे,
आपला नम्र,
बीडमधील एक सिव्हिल इंजिनिअर