मांजराला गुंगीचे औषध: रक्तप्रवाहावर काय परिणाम होतो?

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने झायलाझिन मिसळलेले फेंटानिल हा ‘नव्याने उद्भवलेला धोका’ असल्याचे जाहीर केले. पुढे २०२४ पासून फिलाडेल्फियातील नशेच्या पदार्थांत मेडेटोमिडीन सापडू लागले. ही दोन्ही मुळात प्राण्यांना गुंगी देण्याची औषधे. मग ती मांजरासाठी सुरक्षित कशी, हा प्रश्न साहजिक आहे.

शरीरात काय घडते?

ही औषधे ‘अल्फा-२’ गटातील आहेत. ती मेंदूवर काम करून मांजराला शांत करतात आणि वेदनाही कमी करतात. त्याच वेळी त्वचा व हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सुरुवातीला रक्तदाब वाढतो, त्याला प्रतिसाद म्हणून हृदयाचे ठोके मंदावतात आणि हिरड्या फिकट दिसतात. म्हणजेच रक्तदाब ठीक असूनही हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त बरेच कमी झालेले असते.

एसिप्रोमाझिन हे औषध याच्या उलट वागते. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. शरीरातील पाणी कमी झालेल्या मांजराला ते धोक्याचे ठरू शकते.

फरक कुठे आहे?

दवाखान्यात वजनानुसार मात्रा ठरते, ठोके व श्वास यांवर लक्ष असते, प्राणवायू हाताशी असतो. शिवाय अल्फा-२ औषधांचा परिणाम उलटवणारे अटिपामेझोल प्राण्यांसाठी उपलब्ध आहे. रस्त्यावरच्या नशेत यांपैकी काहीच नसते. नॅलोक्सोन फेंटानिलवर उपयोगी पडते, म्हणून ते द्यायलाच हवे. पण अल्फा-२ औषधांवर त्याचा असर होत नाही. धोका केवळ औषधाच्या नावात नसतो. मात्रा कोण ठरवते आणि नंतर लक्ष कोण ठेवते, यावरही तो अवलंबून असतो.

तुम्ही काय कराल?

- मांजराला धाप लागणे, हृदयात ‘मर्मर’ असणे किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पशुवैद्यांना आधीच सांगा.
- हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार मांजरांत लक्षणांशिवायही असू शकतो. शंका असल्यास हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल विचारा.
- माणसांची झोपेची गोळी घरच्या घरी कधीही देऊ नका.
- घरी आणल्यावर मांजराला उबेत ठेवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खाऊ घालू नका, उंच जागी सोडू नका.
- श्वास घ्यायला त्रास होत असेल, अंग गार पडले असेल किंवा हाक मारूनही ते हालचाल करत नसेल, तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.