प्रमाणपत्राची मुदत आणि बाईचा वेळ

पदवी एकदा मिळाली की जन्मभराची. आयटीतल्या व्यावसायिक प्रमाणपत्रांचे तसे नाही. सिस्कोचे सीसीएनए ३ वर्षांत संपते, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचेही तसेच. कॉम्पटियाचे सिक्युरिटी प्लस पूर्वी कायमचे असे. २०११ पासून तेही ३ वर्षांचे झाले. मायक्रोसॉफ्टने तर २०२१ मध्ये आपली बरीचशी प्रमाणपत्रे १ वर्षावर आणली.

तंत्रज्ञान बदलते, तेव्हा उजळणी हवी, हे मान्य. प्रश्न असा की ही उजळणी कोणाच्या वेळात आणि कोणाच्या पैशाने? कामावरून आलेला पुरुष पुस्तक उघडतो तेव्हा त्याचे ताट कोणीतरी वाढत असते. बाईला तो तास झोपेतून काढावा लागतो. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. रजेत नोकरी टिकते; प्रमाणपत्राची तारीख मात्र आपोआप पुढे सरकत नाही.

घरबसल्या परीक्षेची सोय झाली आहे म्हणतात. तिची अट अशी की बंद खोलीत उमेदवार एकटीच हवी, कॅमेरा चालू हवा. मध्येच कोणी आत आले तर परीक्षा रद्द होऊ शकते. एका खोलीच्या घरात हे कसे जमावे? अशा मुलींनी परीक्षा केंद्रच निवडावे. शिवाय नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळावे लागते. लग्नात नाव बदलायचे आणि मग कागदपत्रांमागे धावायचे, हा त्रास इथेही आहेच. नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही, हे मुलींना पुन्हा पुन्हा सांगू या.

क्लासची फी भरण्याआधी चार गोष्टी विचारायला शिकवू या. प्रमाणपत्र मूळ कंपनीचे की क्लासचेच? हव्या त्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत त्याचे नाव येते का? मुदत किती? नूतनीकरणाचा खर्च किती? मायक्रोसॉफ्टचे नूतनीकरण फुकट आहे, शेवटच्या ६ महिन्यांत घरूनच करता येते. पण तारीख चुकली की पूर्ण परीक्षा पुन्हा. सिस्कोची वरची परीक्षा दिली की खालचे प्रमाणपत्रही नवे होते. ही माहिती आधी असेल तर पैसा आणि उमेद दोन्ही वाचतात.

तरीही सगळा भार एकेकीच्या शहाणपणावर टाकणे बरोबर नाही. जी कंपनी प्रमाणपत्र मागते, तिने नूतनीकरणाची फी भरावी, अभ्यासाचे तास कामाच्या वेळेत द्यावेत आणि रजेवरून परतणाऱ्या बाईला पुरेशी सवलत द्यावी. ही मागणी रजा आणि पाळणाघराच्या मागणीइतकीच रास्त आहे. आणि तोवर? आपल्या संघटनांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. त्या अभ्यासासाठी उघडून देणे आपल्या हातात आहे.